पदार्थविज्ञानाचा एक पदव्युत्तर वर्ग

परिचयाच्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी पदार्थविज्ञानांत एम्. एस्सी. करीत आहे असें आपण ऐकतों. परंतु तीं दोन वर्षें नेमकीं कशांत जातात, हें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारलें तर बहुधा सांगतां येत नाहीं. बाहेरून दिसतें तें एवढेंच: दोन वर्षांचीं चार सत्रें, पहिल्या वर्षीं गतिशास्त्र, पुंजवाद, विद्युत् व चुंबकत्व, सांख्यिकी आणि त्यांस लागणारें गणित, आठवड्यांतून ठराविक दिवशीं प्रयोगशाळा, दुसऱ्या वर्षीं एखादा विशेष विषय, मग तो घन पदार्थांचा असो, अणुगर्भाचा असो कीं ताऱ्यांचा असो, आणि अखेरीस एखाद्या अध्यापकाच्या देखरेखीखालीं लिहिलेला लहानसा प्रबंध. हा सांगाडा खरा आहे. पण सांगाड्यावरून माणसाची ओळख पटत नाहीं. असा वर्ग जिवंत असतो तेव्हां त्यांत काय घडतें हें पाहावयाचें असेल, तर कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं उघडलेल्या वर्गाकडे वळावें.

१८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं तीं लंडनच्या नमुन्यावर. शिकवावें महाविद्यालयांनीं, विद्यापीठानें परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, असा तो श्रमविभाग होता. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः शिकविण्याची वाट मोकळी झाली, आणि त्या वाटेनें सर्वांत जोमानें गेले ते सर आशुतोष मुकर्जी. हायकोर्टाचे न्यायाधीश, पण पिंड गणितज्ञाचा. १९०६ ते १९१४ या काळांत ते विद्यापीठाचे कुलगुरु होते. विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीं त्यांनीं सरकारकडे पैसा मागितला, तेव्हां सरकारनें हात आखडता घेतला. मग दोन वकील पुढें आले. सर तारकनाथ पालित यांनीं १९१२ सालीं जमीन व पैसा मिळून सुमारें १५ लक्षांची देणगी दिली. १९१३ सालीं सर रासबिहारी घोष यांनीं १० लक्ष दिले. अट अशी कीं, या देणग्यांतून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकपदांवर हिंदी माणसांचीच नेमणूक व्हावी. वकिलांच्या पैशाविषयीं आपल्याकडे विनोद पुष्कळ चालतात. त्यांत या दोघांचीं नांवें कोणी घेत नाहीं, हें बरें नव्हे. २७ मार्च १९१४ रोजीं विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आशुतोषांची कुलगुरुपदाची मुदत संपली.

इमारत उभी राहिली, पण शिकवावयाचें कोणीं? पालित अध्यासनासाठीं योजलेले चंद्रशेखर व्यंकट रामन हे सरकारच्या अर्थखात्यांत अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते १९१७ सालीं आले. घोष अध्यासनाचे देवेंद्रमोहन बोस जर्मनींत शिकावयास गेले, ते महायुद्धांत तेथेंच अडकले आणि १९१९ सालीं परतले. तेव्हां भार पडला तो नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांवर. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांनीं १९१५ सालीं एम्. एस्सी. केलें होतें, पहिला क्रमांक बोसांचा, दुसरा साहांचा. पण विषय मिश्र गणित! त्यांचे तिसरे सोबती शैलेंद्रनाथ घोष क्रांतिकारकांशीं असलेल्या संबंधामुळें अमेरिकेस निसटले. राहिले ते दोघे गणितज्ञ. पदार्थविज्ञान आधीं आपण शिकावें, मग वर्गास शिकवावें, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्यांत पुन्हां अडचण अशी कीं, नव्या पदार्थविज्ञानाचे ग्रंथ जर्मन भाषेंत, आणि युद्धामुळें ते मिळणें दुरापास्त. शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशीं संबंध असलेल्या ब्रूल नामक प्राध्यापकांच्या संग्रहीं प्लांक, बोल्ट्झमान यांचीं पुस्तकें होतीं; तीं उसनीं आणून या दोघांनीं वाचलीं. भाषा शिकत शिकतच वाचन चाललें होतें. आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर विद्यापीठानें १९२० सालीं प्रसिद्ध केलें. चार वर्षांपूर्वीं जे स्वतः नवशिके होते, त्यांच्या हातून हें काम झालें.

साहांकडे वर्गांत उष्णगतिशास्त्र व वर्णपटशास्त्र आले. पहिल्या दृष्टीस या दोन विषयांचा एकमेकांशीं संबंध दिसत नाहीं. एक इंजिनाच्या बाष्पाचा, दुसरा प्रकाशाच्या रेषांचा. परंतु एकाच माणसास दोन्ही शिकवावे लागल्यामुळें तीं दोन दालनें त्याच्या मनांत एकत्र उघडलीं. सूर्याच्या वर्णावरणांत, अगदीं उंचावर, कॅल्शियमच्या ज्या रेषा दिसतात, त्या अणूंतील एक इलेक्ट्रॉन निघून गेल्यावांचून उमटत नाहींत. खालच्या दाट थरापेक्षां वरच्या विरळ थरांत अणु अधिक फुटावे, हें कोडें होतें. साहांचें उत्तर असें: अणूचें फुटणें हें पाण्याची वाफ होण्यासारखेंच मानावें. महाबळेश्वरीं हवेचा दाब कमी, म्हणून तेथें पाणी पुण्यापेक्षां कमी उष्णतेवर उकळतें. त्याच न्यायानें दाब जेथें अत्यल्प तेथें अणु सहज विभागतो. एगर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें अशाच तऱ्हेचा विचार ताऱ्यांच्या अंतर्भागासाठीं केला होता. तो निबंध साहांच्या वाचनांत आला. प्रत्येक मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन सोडविण्यास किती ऊर्जा लागते, तो प्रयोगसिद्ध आंकडा त्यांत घालावयाचा राहिला आहे, हें साहांनीं ओळखलें. वर्ग शिकवीत असतां १९१९ सालीं ही उपपत्ति आपल्या मनांत आकारास आली, असें त्यांनीं स्वतःच पुढें नमूद केलें आहे. वर्णावरणावरील त्यांचा निबंध १९२० सालीं ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्यें छापला गेला.

याच सुमारास त्यांस प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति मिळाली. मुंबईच्या वाचकांस हें नांव राजाबाई टॉवरमुळें परिचित आहे. त्याच शेटजींच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठांतही शिष्यवृत्ति स्थापन झाली होती, आणि आशुतोषांनाही ती १८८६ सालीं मिळाली होती. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पैशावर साहा युरोपांत गेले. लंडनला फाउलर यांच्या प्रयोगशाळेंत बसून त्यांनीं दाखविलें कीं, हार्वर्डच्या वेधशाळेनें ताऱ्यांची जी वर्गवारी केली होती, ती मुख्यतः उष्णतामानाची उतरण आहे. तारे निरनिराळ्या द्रव्यांचे बनले आहेत म्हणून त्यांचे वर्णपट भिन्न दिसतात असें नव्हे. पुढें १९२५ सालीं सेसिलिया पेन या विदुषीनें याच समीकरणाच्या आधारें आपल्या प्रबंधांत ताऱ्यांमध्यें हायड्रोजन सर्वांत विपुल असल्याचें गणित मांडलें. तें खरें मानावयास त्या वेळच्या थोर ज्योतिर्विदांनीं कांहीं वर्षें घेतलीं.

बोसांची हकीगत थोडक्यांत सांगतों, कारण ती अधिक प्रसिद्ध आहे. १९२१ सालीं ते नव्या ढाका विद्यापीठांत गेले. प्लांकचा नियम विद्यार्थ्यांस समजावून देतांना त्याच्या सिद्धतेंतील विसंगति त्यांस खटके. तिचा निरास करणारा निबंध १९२४ सालीं त्यांनीं आइन्स्टाइनकडे पाठविला, आणि आइन्स्टाइननें स्वतः त्याचें जर्मन भाषांतर करून तो छापविला.

आज सांख्यिकीच्या अभ्यासक्रमांत बोसांची गणनापद्धति असते. ज्योतिर्भौतिकीचा विशेष विषय घेणाऱ्यास साहांचें समीकरण आरंभींच भेटतें. विद्यार्थी तें उत्तरपत्रिकेंत बिनचूक उतरवितो. तें ज्या वर्गांत जन्मलें, तेथें शिकविणाऱ्यासही पुढचें पान ठाऊक नव्हतें, ही गोष्ट मात्र अभ्यासक्रमांत नसते. छापील विषयपत्रिका, ठरलेलीं प्रकरणें, प्रकरणागणिक ठरलेले गुण, यांच्या पाठीमागें न्यायबुद्धि आहे, हें मी नाकारीत नाहीं. हजारों विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावयाची तर दुसरा उपाय कोणता? तथापि ज्या अध्यापकाला आपल्या वर्गासाठीं नवें कांहीं वाचावें लागत नाहीं, त्याचा वर्ग पदव्युत्तर म्हणावा कीं नाहीं, याविषयीं मला शंका वाटते.

साहांची पुढील वाट कांहीं सुखाची नव्हती. युरोपांतून परतल्यावर कलकत्त्यास त्यांना प्राध्यापकपद मिळालें, पण प्रयोगशाळेस पुरेसा पैसा मिळेना. १९२३ सालीं ते अलाहाबादेस गेले. तेथेंही प्रयोगांचें साहित्य तुटपुंजें आणि अध्यापनाचें ओझें मोठें. त्या ओझ्यांतूनच बी. एन्. श्रीवास्तव यांच्या साहाय्यानें त्यांनीं उष्णतेवर पाठ्यपुस्तक लिहिलें. आमच्या विद्यार्थिदशेंतही तें ग्रंथालयांत असे. प्रती थोड्या, मागणारे फार, आणि उष्णगतिशास्त्राच्या प्रकरणांचीं पानें हाताळून हाताळून मऊ पडलेलीं.