हैदराबादचे माहेर, चाकूरचे सासर

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही जुने लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी इतिहासाची पंडित नव्हे. परंतु माझे माहेर हैदराबादचे व सासर चाकूरचे. तेव्हा या दोन गावांचे नाते सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे वाटते.

आज हैदराबाद म्हणजे परराज्य. 1956 पूर्वी तसे नव्हते. निजामाच्या राज्यात तेलंगण, मराठवाडा व कर्नाटकाचा काही भाग एकत्र होता. चाकूरकरांची राजधानी हैदराबादच. मोठ्या कचेऱ्या तेथे आणि 1918 साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही तेथेच. त्याचे माध्यम मात्र उर्दू. त्यामुळे नोकरीसाठी तेथे गेलेला आपला माणूस राज्य न ओलांडताही परका होई. कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू, आणि मराठी काय ती उंबरठ्याच्या आत. माझे आजोबा असेच गेले.

अशांना आधार दिला तो आधी गेलेल्यांनी. केशवराव कोरटकर मूळचे मराठवाड्याचेच. वकिलीच्या निमित्ताने ते हैदराबादेत स्थायिक झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1907 साली विवेकवर्धिनी शाळा काढली. पुढे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. 1931 साली ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत मराठी साहित्य संमेलनही भरले. माझे वडील मराठी लिहावयास शिकले ते या मंडळींच्या पुण्याईने.

संस्थांची नोंद राहते. बायकांनी जोडलेल्या घरांची राहत नाही. आमच्या आजीला शेजारच्या तेलुगू बाईंनी बतकम्मा रचावयास शिकविले. नवरात्राच्या सुमारास फुलांचे थर रचून तेथील बायका तिच्याभोवती फेर धरतात. त्यात तरवडाची पिवळी फुले लागतातच. आपल्या माळावर उगवणारा तरवड तेथे देवी होऊन बसलेला पाहून आजीचे डोळे भरून आले. संक्रांतीला त्याच बाई आमच्याकडे हळदीकुंकवाला येत.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची राजवट संपली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले. मराठी राज्याचा आनंद खराच. परंतु तेथे राहिलेल्या मराठी घरांना आपले गाव आता कोणते म्हणावे, हा प्रश्न पडला.

1971 साली लग्न होऊन मी लातूर रोड स्टेशनावर उतरले, तेव्हा तो प्रश्न माझ्यासोबतच आला. हैदराबादेत आम्ही 'मराठे लोक'. येथे मी 'हैदराबादची'. माझ्या तोंडी सारखे 'नक्को' येई आणि जावा हसत. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हसताव कशाला? नक्को म्हणजे आपलंच नको. तिकडं जाऊन जरा जाड होऊन आलंय, एवढंच." दखनी बोलीने हा शब्द मराठीकडूनच घेतला, हे मला पुढे वाचून कळले, सासूबाईंना ते न वाचताच ठाऊक होते. त्यांनीच मला हाताला धरून मंडळाच्या भजनाला नेले. त्या दिवशी मी चाकूरची झाले.

हे सारे आज सांगण्यास कारण आहे. आपल्या गावी सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. दूरदूरच्या प्रांतांतील जवानांची कुटुंबे तेथे येतात. गेल्या संक्रांतीला त्यांपैकी एक बाई आपल्या हळदीकुंकवाच्या दाराशी घोटाळत उभी होती. भाषा येत नाही, म्हणून आत यावे की न यावे, हे तिला कळेना. मी तिला पाहिले, आणि वाणाचे तबक घेऊन तशीच पुढे गेले. परत येऊन पाहते तो ती निघून गेली होती. माझ्या सासूबाई असत्या तर असे झाले नसते.

यंदा ही चूक होऊ नये. पहिले आमंत्रण त्या घरांना जावे. ते घेऊन मी स्वतः जाईन. मराठी नाही जमली, तर माझी जाडी हैदराबादी हिंदी आहेच!