नाशिकची सून, मातीच्या घरांची वास्तुकार : दीदी कॉन्ट्रॅक्टर

सावेडी : सावेडी हे एकेकाळी नगर शहराबाहेरचं गाव. आता ते बंगल्यांचं आणि अपार्टमेंटचं उपनगर झालंय. मातीचं घर इथं शोधावं लागतं. तालुक्यांच्या गावांतही जुनी माळवदाची घरं पाडून स्लॅब टाकायचं काम जोरात आहे. "मातीचं घर म्हणजे गरिबी" हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलंय. पण याच मातीच्या घरांसाठी एका बाईला राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. त्या बाई आपल्या शेजारच्या नाशिकच्या सून होत्या.

दीदी कॉन्ट्रॅक्टर यांचं मूळ नाव डेलिया किंझिंगर. जन्म 1929 चा, अमेरिकेतला. वडील जर्मन, आई अमेरिकन आणि दोघेही चित्रकार. कॉलेजात कलेचं शिक्षण घेताना नारायण कॉन्ट्रॅक्टर या भारतीय इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याशी ओळख झाली, पुढं लग्न झालं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या भारतात आल्या आणि नाशिकला सासरच्या मोठ्या एकत्र कुटुंबात राहिल्या. सासर मूळ गुजराती, बांधकामाच्या धंद्यातलं. आडनावही त्यावरूनच पडलेलं. नंतर कुटुंब मुंबईत जुहूला गेलं.

त्यांची मुलगी किरीन नारायण या मानववंशशास्त्रज्ञ आहेत. वेरूळचं दहा नंबरचं लेणं, ज्याला आपण 'सुताराची झोपडी' म्हणतो, त्यावर आणि विश्वकर्म्याला मानणाऱ्या कारागिरांवर त्यांनी पुस्तक लिहिलंय.

डिग्री नाही, पण घरं उभी राहिली

1970 च्या दशकात दीदी हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात राहायला गेल्या आणि शेवटपर्यंत तिकडंच राहिल्या. वास्तुकलेची डिग्री त्यांच्याकडं नव्हती. घरं बांधायच्या कामाला खऱ्या अर्थानं लागल्या, तेव्हा वय साठीच्या आसपास होतं. धर्मशाळेजवळच्या सिद्धबाडी गावात त्यांनी स्वतःचं मातीचं घर बांधलं. ते पाहून लोक काम घेऊन येऊ लागले. घरांबरोबर एक दवाखाना आणि शिक्षण संस्थांच्या इमारतीही त्यांनी उभ्या केल्या. गावातले गवंडी, सुतार आणि मजूर यांच्यासोबत त्या जागेवर उभं राहून काम करून घेत.

त्यांची पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांना नवी वाटली नसती. पाया आणि जोतं दगडाचं. माती भिजवून, त्यात भुसा मिसळून, साच्यातून विटा पाडायच्या. त्या भट्टीत भाजायच्या नाहीत, उन्हात वाळवायच्या. वर मातीचाच गिलावा. बांबू, लाकूड आणि छपराची पाटीची फरशी तिथलीच. सिमेंट गरजेपुरतं. खिडक्या आणि झरोके असे ठेवायचे की दिवसा घरात भरपूर उजेड यावा. घर कधी पाडलंच तर माती पुन्हा मातीत मिळते, ढिगारा उरत नाही, हा त्यांचा मोठा मुद्दा होता.

आपल्याकडं हे चालेल का?

कांगड्यात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तरी तिथं मातीची घरं टिकतात. कारण भिंतीला दोन बाजूंनी जपलेलं असतं. खाली उंच दगडी जोतं, त्यामुळं ओल वर चढत नाही. वर छपराची लांब वळचण, त्यामुळं पावसाचा मारा भिंतीला लागत नाही. या दोन्हींपैकी एक जरी चुकलं तरी भिंत बसते.

माती कोणती, हेही पाहावं लागतं. शेतातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून ती भिंतीला चालत नाही. जुने लोक गावठाणाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणत. घराला पांढरीची माती वापरायची, हे शहाणपण त्यातच आलं.

धोकाही लपवायला नको. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड पण न बांधलेल्या भिंती आणि डोक्यावर माळवदाचा भारी बोजा, यानं मोठा घात केला. तेव्हापासून मातीच्या घराची धास्ती बसली, आणि ती खोटी नाही. म्हणून नवं मातीचं घर बांधायचं तर छप्पर हलकं हवं, भिंतींना चारी बाजूंनी पट्टा हवा आणि जाणकार इंजिनिअरचा सल्ला हवा. शिवाय दरवर्षी लिंपण, वाळवीवर लक्ष आणि उंदरांची बिळं बुजवणं आलंच. ज्याला एवढी देखभाल जमणार नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये.

पण ज्यांचं जुनं घर अजून धड आहे, त्यांनी जेसीबी बोलावण्याआधी एकदा जोतं, वळचण आणि वासे तपासून घ्यावेत. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली बसून पाहिलेल्याला जाड मातीच्या भिंतीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

दीदींना 2018 चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला. 8 मार्च 2019 ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तो देण्यात आला. 5 जुलै 2021 ला त्यांचं निधन झालं. त्यांनी बांधलेल्या घरांत आजही लोक राहतात.