अडकित्त्याला न लाभलेली गोष्ट

आमच्या आजोळच्या पानाच्या तबकात चुन्याची डबी, काताचे खडे, लवंगा आणि रोठा सुपारी यांच्या शेजारी जो पितळी अडकित्ता असे, त्याच्या दोन्ही दांड्या जेथे खिळ्याने जोडल्या होत्या तेथे कुणा अनामिक ओताऱ्याने एक राघू बसविला होता. आणि तीन पिढ्यांच्या अंगठ्यांनी त्या राघूचा डोळा इतका झिजविला होता की पाहणाऱ्यास तो पक्षी दुपारची वामकुक्षी घेत असावा असेच वाटे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहिले म्हणजे सुपारी कातरण्यासारख्या क्षुद्र कामासाठी आपल्या कारागिरांनी किती कल्पकता खर्ची घातली याचा प्रत्यय येतो. असे असूनही अडकित्ता हा अखेरपर्यंत अडकित्ताच राहिला. त्याला कुणी अंगाई गाऊन निजविले नाही, त्याच्या नावाने एखादे बालक रात्री दचकून उठले नाही, त्याचे पूर्वायुष्य काय असावे अशी पृच्छाही कुणी केली नाही. जर्मन मुलखात मात्र ह्याच कामावर नेमलेले एक लाकडी उपकरण शे-दीडशे वर्षांत बाहुला झाले, राजपदास चढले आणि जगभरच्या नाट्यगृहांत नाचले. ह्या भाग्यभेदाचे कारण शोधू गेल्यास ते कारागिरांच्या हातात नव्हे, तर बर्लिनच्या एका न्यायाधीशाच्या दौतीत सापडते.

एर्न्स्ट थिओडोर आमाडेउस हॉफमन हा गृहस्थ दिवसा प्रशियाच्या वरिष्ठ न्यायालयात फिर्यादी आणि कैफियती वाचीत असे आणि सायंकाळी मद्यगृहात बसून भुताखेतांच्या, यंत्रमानवांच्या व दुभंगलेल्या मनांच्या कथा रचीत असे. शिवाय तो संगीतरचनाकार होता, आणि व्यंगचित्रे काढण्याच्या खोडीपायी त्याला एकदा शिक्षेची बदलीही भोगावी लागली होती. १८१६ साली त्याने आपल्या हिट्झिग नावाच्या मित्राच्या मुलांसाठी ‘अक्रोडफोड्या आणि मूषकराज’ ह्या अर्थाच्या शीर्षकाची अद्भुतकथा प्रसिद्ध केली आणि त्या मुलांची मारी व फ्रिट्झ ही नावे तशीच कथेत ठेवली. मुलांसाठी म्हणून लिहिलेली ही कथा मुलांना झेपेल काय, असा आक्षेप त्या काळीही निघाला होता. माझे मत विचाराल तर ती झेपू नये यातच तिची खरी मौज आहे.

कथेतील तो अक्रोडफोड्या नाताळच्या झाडाखाली मारीच्या दृष्टीस पडतो तेव्हा त्याचे वर्णन कोणत्याही अर्थाने सुंदर म्हणता येणार नाही. धड अवाढव्य, पाय काटकुळे, डोके त्याहून मोठे. अंगात जांभळ्या रंगाचा घोडेस्वारी पोशाख, पाठीवर लाकडाचाच भासणारा तोकडा झगा, आणि ह्या सरंजामावर, सर्वस्वी विसंगत, खाणकामगाराची टोपी! फ्रिट्झ आपल्या स्वभावाप्रमाणे सर्वांत मोठा आणि सर्वांत कठीण अक्रोड शोधून त्याच्या जबड्यात कोंबतो. कडकड आवाज होतो. तीन दात गळतात आणि खालचा जबडा लुळा पडतो. मारी आपल्या पोशाखाची पांढरी फीत सोडून त्याचा जबडा बांधते आणि त्याला बाहुलीच्या बिछान्यावर निजविते. पुढे मध्यरात्री सात मुकुटधारी शिरांच्या मूषकराजाशी लढाई जुंपते. त्यानंतर पिर्लिपाट राजकन्येची, क्राकाटुक नावाच्या अभेद्य अक्रोडाची, आणि तो फोडल्यावर डोळे मिटून सात पावले मागे जाताना शेवटच्या पावलाला अडखळल्यामुळे कुरूप झालेल्या तरुणाची उपकथा येते. हे सारे विस्ताराने सांगण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्या फितीकडे व त्या टोपीकडे वाचकाने लक्ष ठेवावे. बाजारातून आणलेल्या एका वस्तूला जखम होऊ शकते, ही कल्पना लेखकाने एकदा मांडली, आणि तत्क्षणी ती वस्तू उपकरणांच्या वर्गातून निघून पात्रांच्या वर्गात दाखल झाली.

आता ह्या कथेची दुसरी बाजू पाहण्यासाठी बर्लिन सोडून दक्षिणेकडे, सॅक्सनी व बोहेमिया यांच्या सरहद्दीवरील एर्त्सगेबिर्गे नामक डोंगराळ मुलखात जावे लागते. नावाचा अर्थच मुळी धातूंचे डोंगर. तेथील झाइफेन ह्या खेड्याचा उल्लेख १३२४ सालापासून कागदोपत्री आढळतो, आणि त्याचे नाव ओढ्याच्या पाण्यात वाळू धुऊन कथील काढण्याच्या क्रियेवरून पडलेले आहे. पिढ्यानपिढ्या भूगर्भात उतरून कथील उपसणाऱ्या ह्या लोकांना हिवाळ्यात सूर्यदर्शन रविवारखेरीज क्वचितच घडे. आणि म्हणूनच की काय, नाताळात घरातील प्रत्येक मुलासाठी मेणबत्ती धरलेला लाकडी खाणकामगार आणि प्रत्येक मुलीसाठी लाकडी देवदूत खिडकीत मांडण्याची त्यांची चाल अतिशय हृद्य आहे. खाणींचे उत्पन्न जसजसे आटत गेले तसतसे हे लोक कातकामाकडे वळले. १६९९ साली तेथील एका कातारी कारागिराने आपला माल न्यूरेंबर्गच्या जत्रेत नेल्याची नोंद आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खाणकाम संपुष्टात आले तेव्हा जवळजवळ सारा गाव लाकडावर जगत होता. जी ओढ्यांची पाणचक्की पूर्वी धातूचे दगड कुटण्याच्या कामी येई, तीच आता कातारी यंत्रे फिरवू लागली. अशा यंत्रगृहातील एकेक जागा कारागीर भाड्याने घेत, आणि पाणी गोठले की उत्पन्नही गोठे.

ह्या गावच्या एका कसबाचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. ओल्या स्प्रूसच्या बुंध्याची एक जाड चकती यंत्रावर चढवावयाची, आणि ती गरगर फिरत असता पटाशीने तिच्या दोन्ही अंगांना असे काही खळगे व उंचवटे पाडावयाचे की ती चकती एखाद्या कंकणासारखी सुटून हाती येते तेव्हा पाहणाऱ्याला तीत वेडेवाकडे पन्हाळ कोरल्याखेरीज काहीच दिसत नाही. मात्र तेच कंकण सुरीने कलिंगडासारखे फाकत गेले की प्रत्येक फाकेच्या अंगावर गाय, घोडा किंवा हत्ती सिद्ध उभा असतो! कातणाऱ्यास काम चालू असता तो प्राणी दिसत नाही. तो त्याच्या बोटांना ठाऊक असतो. मग त्या फाका घरोघर जात, तेथे बायका व मुले त्यांना कान-शेपट्या चिकटवीत, रंग देत, आणि हा माल डझनाच्या भावाने उचलणारा व्यापारी नोहाच्या तारवात भरून तो दूरदेशी पाठवी. त्या तारवांकडे पाहून विलायतेतील बालके हर्षभरित होत असतील; पण डोंगरातल्या त्या घरांत सहा-सात वर्षांचे पोरही दिव्याच्या उजेडात रात्रीपर्यंत कुंचला चालवीत असे, हे ह्या रम्य इतिहासातून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कथेचे बर्लिन आणि कसबाचे झाइफेन यांची गाठ घालून दिली ती आणखी एका हॉफमनने. हा हाइनरिख हॉफमन फ्रँकफुर्टचा वैद्य. पहिल्याशी त्याचे नाते नाही. आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी बाजारात धड एकही चित्रपुस्तक मिळेना म्हणून कोरी वही विकत घेऊन त्याने स्वतःच जे पुस्तक रचले, ते ‘स्ट्रुव्हेलपेटर’ १८४५ मध्ये छापले गेले आणि जर्मन घरांत बायबलाइतकेच परिचित झाले. १८५१ साली, ज्या वर्षी शहरातील वेड्यांच्या इस्पितळाचा कारभार त्याच्याकडे आला त्याच वर्षी, त्याने ‘राजा अक्रोडफोड्या आणि गरीब राइनहोल्ड’ हे सचित्र पुस्तक काढले. त्यात आजारी पडलेल्या एका निर्धन मुलासमोर खेळण्यांचा अवघा दरबार सजीव होऊन अवतरतो आणि त्या दरबाराचा अधिपती असतो मुकुट व तांबडा अंगरखा घातलेला, दात विचकणारा अक्रोडफोड्या. पहिल्या हॉफमनने त्या वस्तूला दुःख दिले होते. दुसऱ्याने तिला रेखाकृती आणि हुद्दा दिला. कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर दुसरे दान अधिक उपयोगी, कारण दुःख यंत्रावर कातता येत नाही.

झाइफेनमधील विल्हेल्म फ्रीडरिख फ्युख्टनर याने सुमारे १८७० साली ह्याच पुस्तकातील चित्रावरून स्फूर्ती घेऊन अक्रोडफोड्याचा जो घाट सिद्ध केला, तो आजही त्याच्या वंशजांच्या कारखान्यात तयार होतो. लाकूड कोरून केलेले अक्रोडफोडे त्यापूर्वीही होते. टिरोलमधील ग्रोडनच्या खोऱ्यात ते पुष्कळ होत. परंतु फ्युख्टनरने कोरणाऱ्याची वस्तू कातणाऱ्याच्या हाती आणली. डोके एक गोल, धड एक गोल, पाय दोन गोल, चौथरा एक चौकोन. आणि धडाच्या पोटातून आरपार गेलेला एक दांडा, ज्याचे पुढचे टोक म्हणजे बाहुल्याचा खालचा जबडा आणि मागचे टोक म्हणजे त्याच्या अंगरख्याची शेपटी. शेपटी उचलली की तोंड उघडते, दाबली की मिटते. केस व दाढी सशाच्या कातडीची, मिशा काळ्या, डोळे वटारलेले. सशाची पांढरी लव चिकटविली जाते तोवर तो नुसता रंगीत खुंटा असतो. त्यानंतर मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून बसण्यास संकोच वाटतो.

राजाच्या मागोमाग फौजदार आला, वनखात्याचा अंमलदार आला, पलटणीतला हुसार घोडेस्वार आला. अंमल गाजविणाऱ्या ह्या साऱ्या हुद्देदारांना गोरगरिबांनी लाकडात घडवून त्यांच्याकडून कठीण अक्रोड फोडून घेतले, निदान वर्षातून एकदा तरी सरकारला रयतेच्या कामाला जुंपले, असे एक स्पष्टीकरण त्या मुलखात मोठ्या अभिमानाने दिले जाते. स्पष्टीकरण रुचकर आहे आणि ज्याने कुणी सरकारी कचेरीत हेलपाटे घातले आहेत त्याला ते तत्काळ पटेल. मला तितके पटत नाही. गणवेषाचे लाल-निळे पट्टे गोल लाकडावर फिरत्या यंत्राच्या साहाय्याने सुबक रंगविता येतात, आणि मुलाला शेतकऱ्यापेक्षा शिपाई अधिक आवडतो, एवढी दोन कारणे व्यापाऱ्याला पुरेशी होती. कारागिराच्या मनात मात्र हसू नसेलच, असेही मी शपथेवर सांगणार नाही.

यानंतरचा प्रवास सर्वश्रुत आहे. ड्युमाने १८४४ मध्येच हॉफमनची कथा फ्रेंचमध्ये सौम्य करून सांगितली होती; तिच्या आधारे चायकोव्हस्कीचे नृत्यनाट्य डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहात झाले आणि प्रारंभी फारसे कुणाला रुचले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९४४ साली आणि न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार बालनशीनच्या हस्ते १९५४ साली त्याचा पुनर्जन्म झाला. महायुद्धानंतर जर्मनीत तैनात असलेले अमेरिकी सैनिक परतताना हे बाहुले सामानात घालून नेत. एकीकडे झाइफेन पूर्व जर्मनीच्या साम्यवादी अमलाखाली गेले होते आणि राजेशाही कायमची बुडाली होती, तरी लाकडी राजे मात्र परकीय चलनासाठी नियमाने निर्यात होत राहिले.

आपल्याकडे अद्भुतकथांची वाण नव्हती. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, म्हणजे फ्युख्टनरच्या बाहुल्याहून थोडी जुनीच. आणि कातकामाची तर सावंतवाडीत मोठी परंपरा, तिथल्या लाखेच्या रंगांची झळाळी झाइफेनला हेवा वाटावा अशी. परंतु एकाने दुसऱ्याकडे पाहिले नाही. कादंबरीकाराने खेळण्यांच्या दुकानात पाय टाकला नाही. चिताऱ्याने कादंबरी उघडली नाही. मुक्तामालेचे एकही पात्र लाकडात उतरल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या कपाटात सध्या जो अक्रोडफोड्या उभा आहे तो एका स्नेह्याने ड्रेस्डेनहून आणलेला. वीतभर उंच, तांबडा अंगरखा, कमरेला काळा पट्टा, दाढीत सशाची लव. तो शोभेचा आहे, काम करण्यासाठी नव्हे, असे मी घरात सर्वांना बजावून ठेवले होते; पण गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने, कथेतल्या फ्रिट्झचे नावही ठाऊक नसता, त्याच्या तोंडात एक अख्खी रोठा सुपारी घातली आणि शेपटी दाबली. दात वरच्या बाजूचे, ते शाबूत राहिले. जबडा मात्र खिळ्यापाशी चिरला. नात रडू लागली, आणि मी सरस शोधीत असता तिने परकराच्या नाडीचा तुकडा कापून त्याच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधला. सरस मिळाल्यावरही ती नाडी तिने सोडू दिली नाही. सुपारी तशीच जमिनीवर पडली होती. ती मी उचलून राघूच्या अडकित्त्याने कातरली.