बहिष्कार : त्याचा इतिहास व आपलें कर्तव्य

ज्युबिलीचें वर्ष आनंदाचें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या वर्षाचा मूळचा कायदा काय होता ह्याचें स्मरण थोड्यांसच असतें. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून मुक्तता पुकारावी व हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळावी, असें परमेश्वरानें इस्राएल लोकांस सांगितलें. आणि लेवीय पुस्तकाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायांत, शेजाऱ्याशीं खरेदीविक्री करितांना कोणीं कोणास नाडूं नये, अशीहि आज्ञा घातली. म्हणजे ज्युबिली जशी वेदीपाशीं साजरी करावयाची, तशीच ती बाजारांतहि पाळावयाची आहे. म्हणून ह्या स्मरणिकेंत बाजाराशीं संबंध असलेल्या एका प्रश्नाचा इतिहास मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न असा : एखाद्या दुकानदाराचा धर्म किंवा त्याचें राजकीय मत आपणांस पसंत नाहीं, एवढ्याच कारणावरून त्याच्या दुकानावर बहिष्कार घालावा काय? हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. आपल्या पुंडलिकनगरांत किराणा, कापड, औषधें, भाजीपाला विकणारे सर्व जातिधर्मांचे लोक शेजारीं शेजारीं बसून पोट भरितात. आणि कोणाच्या दुकानीं जावें व कोणाच्या जाऊं नये, ह्याविषयींचे निरोप हल्लीं मोबाइलवर हातोहात फिरत असतात. ते निरोप वाचून आपण काय करावें, हें ठरविण्यापूर्वीं पूर्वजांनीं काय केलें व काय भोगिलें तें पाहणें इष्ट होय.

वाळीत टाकणें, पाणवठा बंद करणें, न्हावी-धोबी तोडणें, हे प्रकार आपल्या देशांत फार जुने आहेत. परंतु जगभर रूढ झालेला 'बॉयकॉट' हा शब्द आयर्लंडांतील आहे, व तो प्रचारांत आणण्यांत एका कॅथलिक धर्मगुरूचा हात होता, हें पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. १८८० सालीं मेयो प्रांतांत लॉर्ड अर्न नांवाच्या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट हा होता. पीक बुडालें असतांहि पुरेशी खंडसूट न देतां त्यानें कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा काढिल्या. तेव्हां गडी त्याचें काम सोडून गेले, दुकानदारांनीं माल देणें बंद केलें, व सैनिकांच्या पहाऱ्यांत परप्रांतांतून माणसें आणून त्यास पीक काढावें लागलें. खेड्यांतील लोकांस समजेल असा ह्या गोष्टीला शब्द हवा होता. तेथील धर्मगुरु फादर जॉन ओमॅली ह्यांनीं त्या कारभाऱ्याचेंच नांव सुचविलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बॉयकॉट कोणत्या पंथाचा, ह्याकरितां हें झालें नाहीं. त्यानें काय केलें, ह्याकरितां झालें. त्यानें नोटिसा मागें घेतल्या असत्या, तर भांडणाचें मूळच उरलें नसतें.

पुढें हें हत्यार शेजाऱ्यावरहि चालूं लागलें. खंड भरणारा किंवा मोकळी पडलेली जमीन कसावयास घेणारा गरीब शेतकरीहि वाळींत पडूं लागला. तेव्हां पोप तेरावे लिओ ह्यांच्या कारकीर्दींत, एप्रिल १८८८ मध्यें, रोमच्या 'होली ऑफिस' ह्या धर्माधिकरणानें आयर्लंडांतील ही रीति निषिद्ध ठरविली. अशा लोकांचा छळ करणें न्याय व प्रीति ह्या दोहोंच्या विरुद्ध आहे, असें कारण दिलें. हा निकाल आयरिश लोकांस फार कडू लागला. त्यांच्या कॅथलिक लोकप्रतिनिधींनीं राजकारणांत रोमचा हुकूम चालणार नाहीं असें उघड सांगितलें. कुळांचीं दुःखें खरीं होतीं, म्हणून त्यांच्या संतापास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु रोमची भीति व्यर्थ नव्हती. १९०४ च्या जानेवारींत त्याच देशाच्या लिमरिक शहरांत फादर क्रे नामक धर्मगुरूनें व्यासपीठावरून यहुदी व्यापाऱ्यांविरुद्ध उपदेश केला, व कॅथलिक लोकांनीं त्यांच्याशीं व्यवहार तोडिला. कित्येक यहुदी कुटुंबांस गांव सोडावा लागला. कुळांच्या चळवळीचा संस्थापक मायकेल डेव्हिट, जो स्वतः कॅथलिक होता, त्यानें ह्या कृत्याचा जाहीर धिक्कार केला. जमीनदाराच्या जुलमाविरुद्ध बहिष्कार पुकारणारा पुरुष यहुद्यांवरील बहिष्काराच्या आड उभा राहिला, ह्यांत विसंगति नाहीं. एक बहिष्कार कृत्याविरुद्ध होता, दुसरा माणसाच्या धर्माविरुद्ध.

आयर्लंडांत आपले धर्मबंधु बहिष्कार घालणारे होते. आपल्या मुंबईंत तेच त्याचे बळी झाले. १७ नोव्हेंबर १९२१ रोजीं प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस उतरले. राष्ट्रीय सभेनें त्यांच्या स्वागतावर बहिष्कार पुकारिला होता, व त्याच दिवशीं महात्मा गांधींच्या हस्तें विलायती कापडाची होळीहि झाली. परक्या सरकारच्या पाहुण्यास मान न देण्याचा लोकांस हक्क होता, ह्यांत शंका नाहीं. परंतु जे पारशी, ख्रिस्ती व यहुदी स्वागतास गेले, किंवा गेले असतील असें केवळ त्यांच्या पोशाखावरून वाटलें, त्यांवर जमाव तुटून पडला. डोक्यांवरच्या विलायती टोप्या हिसकावून जाळल्या, दारूचीं दुकानें फोडिलीं. मग पारशी व ख्रिस्ती ह्यांच्यांतीलहि कित्येकांनीं खादी घालणारांस गांठून बडविलें. चारपांच दिवसांच्या ह्या दंग्यांत पन्नासाहून अधिक माणसें मेलीं. गांधीजींनीं १९ तारखेस उपवास आरंभिला व आपल्याच अनुयायांस दोष दिला. शांतता झाल्यावर २२ तारखेस तो सोडिला.

त्या जमावाची समजूत अशी कीं, ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांचा माणूस. ती किती खोटी होती! माझगांवच्या माथारपाखाडींतील जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा हे कॅथलिक होते, लोकमान्य टिळकांचे स्नेही होते, आणि १९१६ सालीं स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते. धर्मावरून मत ओळखूं पाहणारा मनुष्य बहुधा असाच फसतो. ह्याच्या उलट, नऊ वर्षांनीं, १२ डिसेंबर १९३० रोजीं, मुंबईंत काळबादेवीस विलायती कापडाच्या मोटारीपुढें गिरणीकामगार बाबू गेनू आडवा झाला व तिच्याखालीं प्राणांस मुकला. त्यानें कोणाची टोपी हिसकाविली नाहीं कीं दुकान फोडिलें नाहीं. बहिष्काराची किंमत त्यानें स्वतःच्या देहानें दिली.

ही झाली शहराची कथा. खेड्यांतील बहिष्कार ह्याहून निर्दय असे, कारण तेथें दुसरें दुकान नसे व दुसरी विहीरहि नसे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी आपल्या अनुयायांसह प्राशन केलें, आणि थोड्याच दिवसांत जें पाक्षिक काढिलें त्याचें नांवच 'बहिष्कृत भारत' असें ठेविलें. पुढें मुंबई सरकारनें स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिटी नेमिली, डॉ. आंबेडकर व ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालांत जें लिहिलें आहे तें वाचून मन खिन्न होतें. अस्पृश्यानें सार्वजनिक विहिरीवर पाणी भरिलें, जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे घातले, नवरदेव घोड्यावर बसविला, एवढ्यावरून सबंध गांवाचा व्यवहार त्याच्याशीं तोडिला जाई. वाण्याकडून मीठमिरचीहि मिळत नसे.

वाचकहो, हा इतिहास परक्यांचा नव्हे. १८९२ पासून संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या संघाचे मिशनरी ह्या मुलखांत आले. घोगरगांवास राहून आयुष्य वेंचणारे फादर गुरियन जाकिये त्यांपैकींच. त्यांच्या हातून ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते बहुतेक गांवकुसाबाहेरचे लोक. त्यांचीच लेकरें आज आपल्या चर्चच्या बाकांवर बसतात. बहिष्कार म्हणजे काय हें ज्या समाजानें रिकाम्या घागरींवरून जाणिलें, त्यानें तो दुसऱ्यावर घालण्यापूर्वीं दहा वेळां विचार केला पाहिजे.

कायद्यानेंहि आतां हें जाणिलें आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं संमत केलेला कायदा २०१७ पासून अमलांत आला असून, अपराध्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तरीहि रोग गेलेला नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील मढी गांवच्या ग्रामसभेनें, कानिफनाथांच्या यात्रेंत मुसलमान व्यापाऱ्यांस दुकानें मांडूं देऊं नयेत असा ठराव केला. कानिफनाथांच्या त्या स्थानास हिंदू व मुसलमान दोघेहि मान देत आले आहेत. प्रशासनानें तो ठराव रद्द ठरविला. आज हें दुसऱ्याचें दुकान आहे, उद्यां आपलें असेल, अशी भीति दाखविण्याचा आमचा हेतु नाहीं. आपलें दुकान कधींहि उठणार नसलें, तरी हें कृत्य वाईटच आहे.

येथें आम्हांस आमच्याविषयींची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं चार तरुण एक कागद घेऊन आमच्याकडे आले. जवळच्या एका किराणा दुकानदारानें एका सभेंत ख्रिस्ती लोकांविरुद्ध कडक भाषण केलें होतें. त्याच्या दुकानीं कोणीं जाऊं नये, अशी सूचना रविवारीं मिस्सेनंतर वाचून दाखवावी, ही त्यांची मागणी होती. आम्हीं विचारिलें : "ख्रिस्ती म्हणून त्यानें कोणास माल नाकारिला काय? मापांत मारिलें काय? त्याच्या बोलण्यानें कोणाच्या अंगावर हात पडला काय?" तिन्ही प्रश्नांस "नाहीं, फादर," असेंच उत्तर आलें. मग एकानें विचारिलें, "पण फादर, आपला पैसा त्याच्या गल्ल्यांत कां जावा?" आम्ही चटकन उत्तर देऊं शकलों नाहीं. सांगावयास लाज वाटते, परंतु तें भाषण कानीं आल्यापासून आम्हीं स्वतःच त्या दुकानांतून सामान आणविणें बंद केलें होतें.

वेदीवरचीं फुलें बदलीत असलेली एक वृद्ध बाई हें सर्व ऐकत होती. ती म्हणाली, "फादर, २०२० च्या टाळेबंदींत माझ्या लेकाचें काम सुटलें, तेव्हां दोन महिने ह्याच माणसानें उधारीवर धान्य दिलें. माझ्या गळ्यांतली जपमाळ त्याला दिसत होती कीं!" तो कागद वाचला गेला नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही पिशवी घेऊन त्या दुकानीं गेलों, व त्याचें भाषण आम्हांस फार लागलें, हें त्याच्या तोंडावर सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. तांदूळ मात्र बरोबर जोखून दिला. त्याचें मत आजहि बदललेलें नाहीं, व तो अजून आमच्याशीं व्यवहार करितो.

तर मग बहिष्कार सर्वथा वर्ज्य आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. अमेरिकेंत सेझर चावेझ ह्या कॅथलिक पुढाऱ्यानें द्राक्षमळ्यांतील मजुरांकरितां द्राक्षांवर बहिष्कार पुकारिला, व १९७० सालीं मळेवाल्यांशीं करार झाले; त्या समेटास तेथील बिशपांनीं हातभार लाविला. जो मजुराची मजुरी बुडवितो, मालांत भेसळ करितो, जात पाहून गिऱ्हाइकास दाराबाहेर उभें करितो, किंवा दंगेखोरांस पैसा पुरवितो, त्याच्याकडे न जाणें हा दोष नव्हे. कित्येकदां तें कर्तव्यच होय. परंतु त्या वेळीं तीन कसोट्या लावाव्या. आपला राग त्याच्या कृत्यावर आहे कीं त्याच्या धर्मामतावर? त्यानें तें कृत्य सोडिल्यास आपण त्याच दिवशीं परत जाऊं काय? आणि ज्यास आपल्याबरोबर यावयाचें नाहीं, त्यास आपण मोकळें सोडितों काय? ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर चुकलें, तर हातांत न्यायाचें साधन उरलें नाहीं, सूडाचें आलें, असें समजावें.

करिंथ येथील बाजारांत मूर्तींस वाहिलेलें मांस विकावयास येई. तें घ्यावें कीं घेऊं नये, असा पेंच तेथील श्रद्धावंतांस पडला, तेव्हां संत पौलानें त्यांस सांगितलें कीं, बाजारांत जें मिळतें तें चौकशी न करितां घ्या. मात्र एखाद्या दुर्बळ बंधूचें मन दुखावत असेल, तर त्याच्याकरितां तें टाळा. विकणाराचें दैवत कोणतें, हें त्यानें विचारावयास लाविलें नाहीं. बंधूचें मन मात्र जपावयास लाविलें.

ज्युबिलीचें शिंग फुंकलें गेलें आहे. ह्या वर्षीं सणाचें सामान आणावयास बाजारांत जाल, तेव्हां ज्या एका दुकानाची पायरी केवळ रागानें आपण चढत नाहीं, तें प्रत्येकानें आठवावें, व एकदां तरी ती पायरी चढून यावें. आम्हांस ती चढावयास एक महिना लागला. आपणांस तितका न लागो, हीच प्रभु येशूच्या चरणीं प्रार्थना.