समुद्रातले शार्क नदीत आणि तलावात येऊ शकतात का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत एका तरुणावर शार्कने हल्ला केला. त्याच्या पायाला गंभीर दुखापत झाली. ही बातमी आल्यावर अनेकांना एकच प्रश्न पडला. शार्क तर खोल समुद्रात असतात, मग हा इतक्या आत कसा आला? आणि खाडीत येऊ शकतो, तर नदीत, धरणात का येणार नाही?

थोडक्यात उत्तर असं, की शार्क गोड्या पाण्यात येऊ शकतात, पण सगळे नाही. जगात शार्कच्या ५०० हून जास्त प्रजाती आहेत. त्यातल्या मोजक्याच प्रजातींना नदीत दीर्घकाळ राहणं जमतं. यात सगळ्यात पुढे आहे तो बुल शार्क. शास्त्रीय नाव कार्कारायनस ल्यूकस. त्याच्याशिवाय 'रिव्हर शार्क' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन दुर्मीळ प्रजाती आहेत. त्यातली एक भारतातली आहे आणि तिचं नाव गंगेवरून पडलंय.

बाकीच्या शार्कना गोडं पाणी का सोसत नाही?

मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं आणि पाण्यात टाकलेल्या मनुका फुगतात, हे प्रत्येक घरात पाहायला मिळतं. जिकडे विरघळलेले क्षार, साखर वगैरे पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. माशांच्या शरीरातही हेच होतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात राहणाऱ्या बहुतेक माशांच्या शरीरातून पाणी बाहेर खेचलं जातं. शार्कने यावर वेगळा उपाय शोधलाय. आपलं शरीर लघवीवाटे जो युरिया टाकून देतं, तो शार्क रक्तात साठवून ठेवतो. त्यामुळे त्याचं रक्त समुद्राच्या पाण्याइतकंच, किंबहुना किंचित जास्तच 'दाट' होतं आणि पाणी बाहेर जायचं थांबतं.

हीच सोय नदीत उलटते. नदीच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि शार्कचं रक्त मात्र युरियाने आणि क्षारांनी भरलेलं असतं. मग बाहेरचं पाणी कल्ल्यांतून आत घुसत राहतं आणि शरीरातले क्षार बाहेर निसटत राहतात. ग्रेट व्हाइट किंवा हॅमरहेड यांसारख्या शार्कना हा ताण फार काळ पेलता येत नाही. म्हणून ते नदीत मुक्काम करत नाहीत.

मग बुल शार्कला हे कसं जमतं?

बुल शार्कचं शरीर पाण्यानुसार स्वतःत बदल करतं. गोड्या पाण्यात शिरल्यावर त्याच्या रक्तातलं युरियाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. मूत्रपिंडं कितीतरी पट जास्त आणि अगदी पातळ लघवी तयार करू लागतात, त्यामुळे आत शिरलेलं पाणी बाहेर पडतं. शार्कच्या आतड्याच्या शेवटी जास्तीचं मीठ बाहेर टाकणारी एक ग्रंथी असते. नदीत तिचं काम मंदावतं. उलट, पाण्यात जे थोडेफार क्षार असतील ते कल्ले शोषून घ्यायला लागतात. समुद्रात परतताना हीच सगळी प्रक्रिया उलट्या दिशेने होते.

यासाठी ऊर्जा खर्च होते. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी घन असतं. शार्कला हाडाच्या माशांसारखा हवेचा फुगा नसतो, त्यामुळे नदीत तरंगत राहण्यासाठी त्याला जास्त कष्ट घ्यावे लागतात. म्हणजे बुल शार्क नदीत राहू शकतो, पण त्याची किंमत मोजून.

किती आतपर्यंत जातात?

१९३७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, आल्टन शहराजवळ मिसिसिपी नदीत मच्छीमारांना एक बुल शार्क सापडला. समुद्रापासून हे ठिकाण नदीच्या मार्गाने १,८०० किलोमीटरहून जास्त आत आहे. १९९५ मध्ये त्याच नदीत, मिसुरी राज्यातल्या फेस्टस गावाजवळ दुसरा सापडला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने जुने पुरावे तपासून या दोन्ही घटना खऱ्या असल्याचं सांगितलं. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीतून बुल शार्क पेरू देशातल्या इक्विटोसपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. हे अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त आहे. आफ्रिकेत झांबेझी नदीत तो इतका परिचित आहे, की तिथे त्याला 'झांबेझी शार्क' असंच म्हणतात.

निकाराग्वाच्या तलावातलं कोडं

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात सुमारे ८,००० चौरस किलोमीटरचा एक विशाल गोड्या पाण्याचा तलाव आहे. त्यात शार्क आहेत हे तिथल्या लोकांना शतकानुशतकं माहीत होतं. १८७७ मध्ये शास्त्रज्ञांनी या शार्कना स्वतंत्र प्रजाती ठरवलं. हा तलाव कधीकाळी समुद्राचा भाग असावा, जमीन वर आल्यावर शार्क आत अडकले असावेत, असं तेव्हा मानलं जायचं.

१९६१ मध्ये मोजमापांवरून हे शार्क साधे बुल शार्कच असल्याचं स्पष्ट झालं. मग अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचे थॉमस थॉर्सन यांनी तलावात आणि नदीच्या मुखाशी शार्क पकडून त्यांना खुणेच्या पट्ट्या लावल्या आणि सोडून दिलं. तलावात पट्टी लावलेले काही शार्क नदीच्या मुखाशी सापडले आणि मुखाशी पट्टी लावलेले काही तलावात. तलावाला कॅरिबियन समुद्राशी जोडणारी सान हुआन नदी सुमारे २०० किलोमीटर लांब आहे आणि वाटेत खडकाळ, खळाळता प्रवाह आहे. काही शार्कनी हा प्रवास ७ ते ११ दिवसांत पूर्ण केला होता. थोडक्यात, शार्क तलावात अडकलेले नव्हते, त्यांची समुद्रापर्यंत ये-जा सुरू होती.

पुढे १९७० च्या दशकात तलावात आणि नदीत शार्क आणि करवत माशांची मोठ्या प्रमाणावर व्यावसायिक मासेमारी झाली. या माशांना सगळ्यांना त्याच एका नदीतून जावं लागत असल्याने ते सहज जाळ्यात सापडत. एकेकाळी भरपूर असलेले शार्क आज तिथे क्वचितच दिसतात.

गोल्फ कोर्सच्या तळ्यात शार्क

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या कारब्रूक गोल्फ क्लबची गोष्ट तर थापच वाटावी अशी आहे. १९९६ मध्ये लोगन नदीला मोठा पूर आला. पुराच्या पाण्याबरोबर सहा बुल शार्क गोल्फ कोर्सवरच्या तळ्यात शिरले. पाणी ओसरलं आणि शार्क आतच राहिले. २०१३ च्या पुरात तळं पुन्हा नदीला जोडलं गेलं, तोपर्यंत म्हणजे तब्बल १७ वर्षं ते तिथेच होते. २०२३ मध्ये या प्रकरणावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुरेसं खाणं असेल, तर बुल शार्क अनेक वर्षं समुद्राशिवाय जगू शकतो, हे यातून दिसलं.

नदीत येतातच कशासाठी?

मुख्य कारण पिल्लांची सुरक्षा. बुल शार्कची मादी १० ते ११ महिने गर्भ वाढवते आणि नदीच्या मुखाशी किंवा खाडीत पिल्लांना जन्म देते. जन्मतः ही पिल्लं जेमतेम ५५ ते ८० सेंटिमीटरची असतात. समुद्रात मोठे शार्क त्यांना सहज गिळतील. पण या मोठ्या शार्कना नदीचं पाणी मानवत नाही. त्यामुळे पिल्लं नदीच्या आत सरकतात, काही वर्षं तिथे वाढतात आणि मोठी झाली की समुद्राकडे जातात. म्हणून नदीत सापडणारे बहुतेक बुल शार्क लहान वयाचे असतात.

गंगेतला शार्क आणि मुंबईचा ससून डॉक

भारतात आणखी एक शार्क आहे. गंगा शार्क, म्हणजे ग्लायफिस गँजेटिकस. १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. बारीक डोळे आणि पाठीवरचा तुलनेने मोठा दुसरा पर, ही त्याची ओळख. हुगळी नदीत माणसांवर झालेल्या जुन्या हल्ल्यांचं खापर अनेक वर्षं त्याच्यावर फोडलं गेलं. मात्र त्यातले बरेच हल्ले बुल शार्कचे असावेत, असं अभ्यासक आता मानतात. दोन्ही शार्क दिसायला सारखे असल्याने हा गोंधळ झाला.

गंगा शार्क आज 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. २००१ मध्ये त्याचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. तरीही त्यानंतर अनेक वर्षं तो संशोधकांना दिसलाच नव्हता.

तो दिसला थेट मुंबईत. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर उतरवलेल्या मासळीत २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी संशोधकांना आढळली. दहा वर्षांहून जास्त काळातली ही पहिली नोंद होती आणि ती गंगेत नव्हे, तर अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर झाली. हा शार्क एका नदीपुरता नाही, हे त्यातून दिसलं. मात्र नोंद झाली तेव्हा ती मादी बाजारात पोहोचलेली होती.

उजनी किंवा जायकवाडीत शार्क येऊ शकतो का?

नाही. इथे प्रश्न गोड्या पाण्याचा नसून वाटेचा आहे. उजनीचं पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं. त्या वाटेवर विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि जुराळा असे एकामागून एक अडथळे आहेत. जायकवाडीकडे येणाऱ्या गोदावरीवर तर मुखाजवळच दवळेश्वरमचा बंधारा आहे. कुठलाही शार्क हे ओलांडून येऊ शकत नाही. मिसिसिपीतही आल्टनला शार्क सापडला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिथे धरण सुरू झालं.

त्यामुळे 'धरणात शार्क सापडला' असा व्हिडिओ मोबाइलवर आला, तर आधी शंका घ्या. मत्स्यटाकीत 'शार्क' म्हणून विकले जाणारे अनेक मासे शार्क नसतातच. 'बाला शार्क' हा रोहू-कटल्याच्या कुळातला, तर 'इरिडेसंट शार्क' हा बाजारात मिळणाऱ्या पंगसचाच प्रकार आहे.

कोकणातल्या खाड्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे भरतीचं पाणी आतपर्यंत येतं आणि पाणी निमखारं असतं. मुशी, मोरी या नावांनी कोळी बांधव शार्कना पिढ्यान् पिढ्या ओळखतात. समुद्राला थेट जोडलेल्या अशा खाडीत बुल शार्क येणं अनैसर्गिक नाही.

माणसांना धोका किती?

धोका आहे, पण घटना दुर्मीळ आहेत. जुलै १९१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माटावान नावाच्या अरुंद खाडीत शार्कने एकाच दिवशी तिघांवर हल्ला केला, त्यात दोघांचा मृत्यू झाला. सुरुवातीला ग्रेट व्हाइटवर संशय होता. पण जागा पाहता तो बुल शार्क असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. बुल शार्क गढूळ, उथळ पाण्यात शिकार करतो आणि माणसंही तिथेच उतरतात, हे त्यामागचं कारण.

म्हणून शार्क दिसल्याची खबर असलेल्या खाडीत संध्याकाळी किंवा गढूळ पाण्यात उतरू नये, मासळी साफ केलेल्या जागी पोहू नये आणि शार्क दिसला तर जवळ जाऊन व्हिडिओ काढण्याऐवजी वनविभागाला किंवा पोलिसांना कळवावं.

दुसरीकडे, माणसांमुळे शार्कना असलेला धोका कितीतरी मोठा आहे. बुल शार्क आता 'असुरक्षित' प्रजातींमध्ये गणला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी त्याच्या संपूर्ण कुळाच्या व्यापारावर नियंत्रण आणायचं ठरवलं. पण ज्यांची पिल्लं खाडीत आणि नदीत वाढतात, त्यांना व्यापारावरचं नियंत्रण पुरेसं नाही. बांध घातलेली नदी, सांडपाण्याने भरलेली खाडी आणि मुखाशी लावलेली जाळी या तिन्हींमधून वाट काढता आली, तरच हे शार्क टिकतील.