जलरोध व धूळरोध, स्मार्टफोनमधील

स्मार्टफोनच्या कवचातून पाणी व धूळ आत न शिरू देण्याची क्षमता. ती ‘आयपी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या दोन अंकी संकेताने दाखवतात, उदा., आयपी ५४, आयपी ६७, आयपी ६८. पहिला अंक घन पदार्थांपासूनच्या, म्हणजे मुख्यतः धुळीपासूनच्या बचावाचा आणि दुसरा पाण्यापासूनच्या बचावाचा असतो. हा संकेत आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात ठरवून दिलेला आहे. मानक प्रथम १९७६ मध्ये निघाले, १९८९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि पुढे १९९९ व २०१३ मध्ये तीत दुरुस्त्या झाल्या. भारतीय मानक ब्यूरोने तेच आयएस/आयईसी ६०५२९ या नावाने स्वीकारले आहे.

मानक तयार झाले तेव्हा खिशातला फोन कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. विजेच्या पेट्या, मोटारी, दिवे अशा सामग्रीची कवचे किती बंदिस्त असावीत, हे ठरवणे हा त्याचा हेतू होता. अशी सामग्री बहुधा एका जागी बसवलेली असते. फोन मात्र दिवसातून अनेकदा हातातून खिशात जातो, पडतो, तापतो, घामेजतो आणि दोन-तीन वर्षांत एकदा तरी दुरुस्तीच्या दुकानात उघडला जातो. संकेताचा आकडा आणि फोनचे प्रत्यक्ष आयुष्य यांत जे अंतर दिसते, त्याचे मूळ पुष्कळसे येथे आहे.

अंकांचा अर्थ : पहिला अंक ० ते ६ असतो. १ ते ४ या अंकांत अनुक्रमे ५०, १२.५, २.५ व १ मिमी. किंवा त्याहून मोठ्या वस्तू आत जाणार नाहीत, एवढेच अभिप्रेत असते; धुळीचा विचार त्यांत नाही. ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण कामात बाध आणणार नाही. ६ म्हणजे धूळ मुळीच आत जाणार नाही. दुसरा अंक ० ते ९. त्यात १ ते ३ म्हणजे ठिबकणारे व पावसासारखे पडणारे पाणी, ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी. ५ व ६ नळीच्या फवाऱ्यासाठी, ७ व ८ बुडवण्यासाठी आणि ९ गरम पाण्याच्या जोरदार झोतासाठी आहे. एखाद्या अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल, तर त्या बाजूचा दर्जा सांगितलेला नाही, असे समजावे; फोन त्या बाबतीत कच्चाच असेल असे नव्हे.

पाण्याच्या अंकांबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ६ पर्यंतचा प्रत्येक वरचा अंक खालच्या अंकांना पोटात घेतो. ७ व ८ मात्र तसे करत नाहीत. स्थिर पाण्यात बुडून टिकलेले कवच फवाऱ्याच्या माऱ्यापुढे टिकेलच, असे मानक म्हणत नाही, कारण दोन्हींत पाणी वेगळ्या तऱ्हेने वाट शोधते. म्हणून काही उत्पादक आयपी ६५/६८ किंवा आयपी ६६/६८/६९ असे जोडदर्जे छापतात. ही केवळ जाहिरातीची आतषबाजी नाही. त्या वेगवेगळ्या चाचण्या असतात.

चाचण्या : धुळीच्या चाचणीत फोन बंद पेटीत ठेवून शंखजिऱ्याची बारीक पूड हवेत उडती ठेवतात. ६ या दर्जासाठी फोनच्या आतली हवा पंपाने खेचून धूळ आत ओढली जाईल अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण करतात. हे २ ते ८ तास चालते. पाण्याच्या ५ व्या दर्जाला ६.३ मिमी. तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाणी, तर ६ व्या दर्जाला १२.५ मिमी. तोंडाच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाणी मारतात. ७ साठी फोन १ मी. खोलीवर ३० मिनिटे ठेवतात. ९ साठी सुमारे ८०° से. तापमानाचे पाणी ८० ते १०० बार दाबाने अवघ्या १० ते १५ सेंमी. अंतरावरून चार कोनांतून प्रत्येकी ३० सेकंद मारले जाते. ही चाचणी मूळची वाफेच्या व दाबाच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या वाहनांसाठी होती. फोनच्या मालकाच्या आयुष्यात असा प्रसंग कधी येईल, हे सांगणे अवघड आहे.

८ हा अंक सर्वांत सैल आहे. ७ पेक्षा कठीण अशी परिस्थिती उत्पादकाने ठरवावी, एवढेच त्याबद्दल मानकात आहे. त्यामुळे सॅमसंगच्या २०१६ मधील गॅलॅक्सी एस ७ चा आयपी ६८ म्हणजे १.५ मी. खोलीवर ३० मिनिटे, ॲपलच्या २०१८ मधील आयफोन एक्सएसचा २ मी. आणि २०२० मधील आयफोन १२ चा ६ मी., तेवढ्याच वेळासाठी. संकेत तिन्हींचा एकच. खोलीचा आकडा शोधायचा तर तो तळटीपेत बारीक अक्षरांत सापडतो.

या सर्व चाचण्या गोड्या पाण्यात, नव्या कोऱ्या नमुन्यांवर होतात. बुडवण्याच्या चाचणीत पाणी व फोन यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, अशी अट असते. ही अट वरवर क्षुल्लक वाटते, पण तीत मोठा मुद्दा दडला आहे. उन्हात तापलेला फोन थंड पाण्यात पडला, की आतली हवा आकसते, आतला दाब घटतो आणि सांध्यांतून पाणी आत खेचले जाते. बाथरूममधल्या गरम वाफेचे कारण वेगळे. थेंबाला जिथे शिरता येत नाही तिथून वाफ शिरते आणि आत गार होऊन तिचे पाणी होते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व ते अधिक बारीक फटींत उतरते. समुद्राचे खारे पाणी आणि तरणतलावातले क्लोरिनयुक्त पाणी या चाचण्यांच्या कक्षेतच येत नाही. पाण्यात सूर मारताना किंवा फोन हलवताना पडणारा दाब स्थिर पाण्यातल्या दाबापेक्षा जास्त असतो, हेही आकड्यात धरलेले नसते.

आणखी एक बाब अशी, की आयोग मानक ठरवतो, फोन तपासून प्रमाणपत्र देत नाही. चाचणी उत्पादक स्वतः किंवा प्रयोगशाळेकडून करून घेतो. तिला पैसे पडतात. २०१९ मध्ये वनप्लसने ७ प्रो हा फोन दर्जाविनाच विकला आणि दर्जाचा खर्च ग्राहकावरच पडतो, असा युक्तिवाद केला. पुढच्याच वर्षी ८ प्रोवर आयपी ६८ झळकला. तेव्हा दर्जा नसलेला फोन आतून उघडावाघडाच असतो, असे नाही. पुष्कळ स्वस्त फोनांतही सिमच्या ट्रेभोवती रबर असते.

रचना : फोनमध्ये पाण्याला मोजक्याच वाटा असतात. स्क्रीन व चौकट यांमधील सांधा दाबाने चिकटणाऱ्या गोंदाच्या पट्टीने बंद करतात. सिमच्या ट्रेला व बटणांना सिलिकोन रबराची कडी असतात. चार्जिंगचे तोंड उघडेच राहते, पण त्याच्या मागची बाजू सीलबंद असते. म्हणून पाणी तोंडात साचते आणि फोन ओलाव्याची सूचना देऊन चार्जिंग नाकारतो. खरी अडचण स्पीकर, मायक्रोफोन आणि हवेचा दाब मोजणारा संवेदक यांची. त्यांना हवा लागते. तेथे ताणून सच्छिद्र केलेल्या पीटीएफई या बहुवारिकाचे पातळ पटल बसवतात. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी शोधलेले हे द्रव्य हवा जाऊ देते आणि द्रवरूप पाणी अडवते. पावसाळी जॅकेटांतही तेच असते.

पाणी आत गेले, तर फोन बिघडतो तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. ते वीज वाहून नेतात, नको तेथे मंडल जुळते आणि वीज चालू असेल तर विद्युत् विच्छेदनाने तांब्याची व सोन्याचा मुलामा असलेली टोके झिजतात. म्हणूनच भिजलेला फोन लगेच चार्जिंगला लावणे हे बुडवण्यापेक्षा घातक ठरू शकते. तो बंद करून, तोंड खाली धरून पाणी झटकावे व मोकळ्या हवेत ठेवावा. समुद्रात पडला असेल आणि दर्जाचा असेल, तर आधी गोड्या पाण्याने खळबळावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरोघरचा उपाय करू नये, असे ॲपलने आपल्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात.

इतिहास : बाजारात सीलबंद फोन आधी ‘दणकट’ म्हणून आले. कॅसिओने २००० साली जपानात जी’झवन मालिकेतला पहिला फोन काढला. जपानात न्हाणीघरात टबात बसून फोन वापरण्याची सवय असल्याने जलरोध हा तिथे सर्वसाधारण गुण झाला. सोनीने २०१३ मध्ये एक्सपीरिया झेडद्वारे तो महागड्या, देखण्या फोनात आणला. २०१४ मधील सॅमसंग गॅलॅक्सी एस ५ चे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येई, तरीही तो आयपी ६७ होता. २०१६ मधील आयफोन ७ पासून, हेडफोनचे भोक गेल्यावर, ॲपलनेही दर्जा जाहीर करणे सुरू केले.

जाहिरातींनी मात्र मर्यादा ओलांडली. पाण्याखाली छायाचित्रे काढणारे तरुण दाखवून फोन विकणाऱ्या सोनीने २०१५ मध्ये फोन पाण्याखाली वापरू नये, असा सल्ला दिला. जलरोधाच्या या जाहिरातींवरून सोनीवर अमेरिकेत झालेला सामूहिक दावा २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. खोलीचे दावे फक्त प्रयोगशाळेतल्या स्थिर, शुद्ध पाण्यापुरते खरे होते, हे पुरेसे सांगितले नव्हते आणि पाण्याने झालेले नुकसान हमीतून वगळले होते, हे त्याचे कारण. ऑस्ट्रेलियात न्यायालयाने जून २०२२ मध्ये सॅमसंगच्या तेथील कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. २०१६ ते २०१८ मधील जाहिरातींत गॅलॅक्सी फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरता येतो असे दाखवले होते. ओला असतानाच चार्जिंगला लावल्यास त्याचे चार्जिंगचे तोंड गंजण्याचा धोका होता. जाहिरात पाण्यात आणि हमी कोरडी, ही विसंगती आजही बहुतेक उत्पादकांच्या अटींत आहे. फोनच्या आत चिकटवलेली छोटी पांढरी पट्टी पाणी लागताच लाल होते आणि सेवा केंद्रात ती पाहून निर्णय होतो.

धुळीचे महत्त्व : पाण्याच्या गाजावाजात पहिला अंक मागे पडतो. सपाट फोनांत ते खपून जाते, कारण बुडण्यापासून वाचणारा सांधा बहुधा धूळही अडवतो. घडीच्या फोनांत तसे नाही. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगच्या पहिल्या गॅलॅक्सी फोल्डचे परीक्षणासाठी दिलेले काही नमुने विक्रीपूर्वीच बिघडले. बिजागरीच्या टोकांशी असलेल्या फटींतून कचरा शिरून नाजूक स्क्रीन आतून फुगवणे हे एक कारण निघाले. विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली, फटींवर टोप्या बसल्या आणि पुढच्या मॉडेलांत बिजागरीच्या आत ब्रशचे केस आले. २०२१ मधील झेड फोल्ड ३ ला आयपीएक्स ८ मिळाला, म्हणजे पाणी अडले आणि धुळीबद्दल मौन. २०२४ मधील झेड फोल्ड ६ चा आयपी ४८ प्रामाणिक आहे. त्यातला ४ म्हणजे १ मिमी.पेक्षा मोठे खडे अडतील, धूळ नाही. गुगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डने २०२५ मध्ये आयपी ६८ गाठला.

उपयुक्तता : महाराष्ट्रात व गोव्यात दर्जाची कसोटी पाहणारे प्रसंग ठरलेले आहेत. दुचाकीच्या हँडलला फोन लावून पावसात घरपोच सामान देणारा, विसर्जनाला कमरेपर्यंत समुद्रात उतरणारा, रंगपंचमीला कोरडा रंग आणि पाणी एकदम झेलणारा, पिठाच्या गिरणीत किंवा खडी केंद्रावर दिवसभर काम करणारा, या सर्वांच्या गरजा वेगळ्या आहेत. पहिल्याला ४ किंवा ५ हा पाण्याचा अंक पुरतो. त्याची खरी अडचण ओल्या स्क्रीनवर बोट नीट न उमटण्याची आहे आणि तिच्याबद्दल कोणताही आयपी दर्जा काही सांगत नाही. तिला प्लॅस्टिकची पिशवीच उपयोगी पडते. गिरणीतल्या माणसाला पहिला अंक ६ हवा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला खारी हवा भोवते आणि ती कोणत्याच अंकात नाही. बादलीत, संडासात, हौदात फोन पडणे हा अपघात सर्वांचाच. त्यासाठी ७ पुरेसा आहे. दर्जा नसणे आणि ५४ असणे यांत, तसेच ५४ आणि ६७ यांत जो फरक आहे, त्या मानाने ६८ आणि ६९ मधला फरक रोजच्या वापरात नगण्य म्हणावा लागेल. जादा पैसे मोजायचे तर ते पहिल्या दोन पायऱ्यांसाठी मोजावेत. चढाओढ मात्र शेवटच्या पायरीवर आहे. जून २०२४ मध्ये ओपोने एफ २७ प्रो प्लस भारतात आयपी ६९ घेऊन, नेमका पावसाळ्याच्या तोंडावर आणला.

कोणताही दर्जा कायमचा नसतो. गोंद उष्णतेने व काळाने सैलावतो, पडल्याने चौकट किंचित वाकते, काचेला केसभर तडा गेला तरी सील गेले. स्क्रीन किंवा बॅटरी बदलताना गोंदाची जुनी पट्टी निघते. नवी पट्टी न लावता बंद केलेला आयपी ६८ फोन हा कागदावरचाच आयपी ६८. वापरलेला फोन विकत घेणाऱ्याने म्हणूनच या आकड्याला शून्य किंमत द्यावी.

दुरुस्ती सोपी की सील पक्के, हा वाद आता कायद्यातही उतरला आहे. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या लेबलावर ऊर्जावर्ग व दुरुस्तीवर्ग यांच्याबरोबर आयपी दर्जाही छापावा लागतो. बॅटरी सामान्य माणसाला बदलता आली पाहिजे, या अटीतून उत्पादकाला सूट मिळते ती दोन गोष्टी जमल्यास : बॅटरीने १,००० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे आणि फोन धूळबंद असून १ मी. पाण्यात ३० मिनिटे टिकला पाहिजे. म्हणजे सीलबंद रचनेला पळवाट मिळाली. बॅटरी हाताने काढता येणारा फेअरफोन ५ आयपी ५५ वर थांबतो, पण सॅमसंगचा एक्सकव्हर ६ प्रो तशीच बॅटरी ठेवून आयपी ६८ गाठतो. तो जाड व बोजड आहे आणि त्याचा ग्राहक मुख्यतः गोदामांत, बांधकामांवर व कारखान्यांत आहे.