तालबियातील उंच भिंत

येरुशलेमच्या तालबिया भागातील हान्सन हाऊस आपल्यापैकी पुष्कळांनी निदान बाहेरून पाहिले असेल. आज तेथे चित्रप्रदर्शने व कलेचे कार्यक्रम होतात. उंच दगडी भिंत, आत दाट झाडी, आणि दारावर कोरलेली जर्मन अक्षरे. त्यांचा अर्थ 'येशूची मदत'. हे महारोग्यांचे घर होते.

त्यापूर्वी या शहरातले महारोगी सियोन दरवाजापाशी झोपड्यांत राहून भीक मागत. 1867 साली एका जर्मन सरदार पतिपत्नींच्या पुढाकाराने मामिलाजवळ पहिला आश्रम निघाला. पुढे तो मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी चालविला. जागा अपुरी पडली तेव्हा 1887 मध्ये, वस्तीपासून दूर, कॉनराड शिक याने आखलेली ही वास्तू उभी राहिली. पावसाच्या पाण्याच्या टाक्या, भाजीचा मळा, गुरे, सर्व आतच. याला सोय म्हणावे की बंदोबस्त, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

1950 साली केरेन कायेमेतने ही जागा विकत घेतली व तिचे सरकारी इस्पितळ झाले. 1873 मध्ये या रोगाचे जंतू शोधणाऱ्या नॉर्वेच्या डॉ. हान्सन यांचे नाव तिला मिळाले. पण लोकांच्या तोंडचा शब्द 'त्साराअत' हाच राहिला, आणि घोटाळा तेथेच आहे. तोरातील त्साराअत कपड्यांना लागते, घराच्या भिंतींनाही लागते. आणि सर्वांग पांढरे झाले तर कोहेन त्या माणसास शुद्ध ठरवितो. हा महारोग कसा असेल? शिवाय मिर्याम छावणीबाहेर राहिली ती सातच दिवस, आणि ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलविला नाही. ही दुसरी गोष्ट आपण सोयिस्करपणे विसरतो.

1940 नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली, 1981 पासून अनेक औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला. उपचार सुरू होताच संसर्गाची भीती लवकरच जाते. तरी बरे झालेले कितीतरी लोक आतच राहिले, कारण घरचे दार बंद झाले होते. शेवटचे रोगी 2000 साली तेथून गेले.

मुंबईकरांना वडाळ्याचे ॲकवर्थ इस्पितळ आठवत असेल. ते 1890 चे. तिकडे बोट दाखवून आम्हां मुलांना भीती घालीत. 'रक्तपिती' हा शब्द तर घरात दबक्या आवाजातच उच्चारला जाई. हान्सन हाऊसमध्ये आता त्या घराच्या इतिहासाचे छोटे प्रदर्शन आहे. आम्ही ते पाहिले तेव्हा आमची नातवंडे मोठ्याने विचारीत होती, "यांच्या घरचे न्यायला का आले नाहीत?"